तुटक्या पानाचा शिक्का

आबा,

तुमच्या इंदापूरच्या सोनारकामाच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो काही घ्यायला किंवा मोडायला नव्हे. तुम्ही बारामतीत निरोप ठेवला होता, की पोलादावर बारीक काम कोरणारा कुणी असेल तर त्याला पाठवून द्या. हत्यारांच्या दुकानदारानं तो निरोप माझ्यापर्यंत आणला, कारण एमआयडीसीत तसलं काम करणारा तेव्हा मी एकटाच होतो. हे बढाई म्हणून लिहीत नाही, होतं तसं लिहितोय. कारखान्यात यंत्राच्या सुट्या भागांवर आकडे उठवायला ठसे लागत, ते आधी पुण्याहून येत. मी कानशी झिजवून, बोटं कापून घेऊन ते स्वतःच्या मनानं शिकलो आणि पुण्याचे ठसे बंद झाले. शाळा मी नववीत सोडलेली. वडील सुप्याकडं माळावर मेंढरं राखायचे, ती विकून नुकते कोरडवाहू शेतीला लागले होते. घरात कुणी पोलाद हातात धरलेलं नव्हतं. अक्षर उलटं कोरलं की सुलटं उठतं, एवढं समजायलासुद्धा माझे कितीतरी तुकडे वाया गेले होते. तेव्हा नव्वद साल नुकतंच मागं पडलं होतं. मी जळोचीत खोली घेऊन एकटा राहायचो आणि माझ्याइतकं नेमकं काम जिल्ह्यात कुणी करत नाही, असं मला मनापासून वाटायचं.

तुम्ही गादीवर बसला होतात, पुढं शेगडी, बाजूला लाकडाच्या ओंडक्यात बसवलेली ऐरण. बोटापेक्षा आखूड असा एक ठसा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात आणि भिंग दिलंत. तोंड झिजून गुळगुळीत झालं होतं, तरी आकार ओळखू येत होता: बेलाचं पान, तीन दळांचं. मधलं दळ पुरतं, उजवं पुरतं, डावं अर्ध्यावर तुटलेलं. असाच नवा करून पाहिजे, म्हणालात. मी खिशातून मापपट्टी काढली, तर तुम्ही हसलात, की जोंधळ्याएवढ्या पानाला फूटपट्टी लावणारा पहिलाच बघितला.

सरकारी हॉलमार्क तेव्हा आलाच नव्हता. दागिन्याच्या पाठीवर किंवा पाटलीच्या आतल्या अंगाला शिक्का असायचा तो ज्या सोनारानं तो डागदागिना घडवला त्याचा. कुणाचं अक्षर, कुणाचा चांद, कुणाची नुसती दोन टिंबं. तो शिक्का किती कसाचं सोनं हे सांगत नसे. कुणाच्या दारात जाऊन विचारायचं, एवढंच सांगत असे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं ठसा म्हणजे आकार, आणि आकार म्हणजे तो बरोबर असणं.

म्हणून मी पान बरोबर केलं. तिन्ही दळं सारखी, कडा वस्तऱ्यासारख्या, देठाची रेघसुद्धा. पाणी देऊन ठसा कडक केला, तेलकापडात गुंडाळला आणि सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं निमगाव केतकीचे पानमळे मागं टाकत इंदापूरला उतरलो. काजळी धरून तुम्ही तो कागदावर उठवलात, भिंगाखाली धरलात आणि बराच वेळ बघत राहिलात. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"ही कुणाची खूण?" तुम्ही विचारलंत.

"तुमचीच की, आबा."

"माझी न्हाय. माझं पान तुटल्यालं हाय."

मी समजावून सांगायला लागलो, की ती झीज होती, मी दुरुस्त केलीय. तुम्ही हात वर केलात. "माझ्या बापाच्या हातनं ठसा फरशीवर पडला आन पान गेलं. त्यानं तसाच मारला. मी बी जलमभर तसाच मारतोय. ह्या तालुक्यात बायांच्या अंगावर तुटकं पान हाय. उद्या तुझं हे गुळगुळीत पान मारलं तर त्या म्हणतील, गादीवर कोण दुसराच येऊन बसलाय."

आतून काकूंचा आवाज आला, की पोरगं उन्हातनं आलंय, त्याला आधी पाणी तरी द्या, पानंबिनं मग मोडत बसा. मी रागानं पाण्याला हातही लावला नाही. माझ्या कामाला तोवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, बरोबर असलेलं मुद्दाम चुकवणं माझ्या हाताला जमत नव्हतं. जळोचीच्या खोलीत मी पुढच्या कितीतरी रविवारी त्या एका तुटलेल्या कडेवर बसलो. नीट रेघेला काहीतरी नियम असतो, तुटीला कसलाच नसतो. ती फरशीवर आपटून जशी फुटली तशीच फुटलेली दिसायला हवी, मी फोडल्यासारखी नव्हे. शेवटी एकदाची उतरली. तुम्ही शिशाच्या तुकड्यावर जुना ठसा आणि नवा ठसा शेजारी शेजारी उठवलात, तुकडा हातात फिरवलात आणि काकूंना हाक मारलीत. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन बघितलं. कोणता जुना, कोणता नवा, त्यांना सांगता येईना. तुम्ही फक्त "बरं हाय" म्हणालात आणि मला आत भाकरी खायला बसवलंत.

तिथून मी दर सुट्टीला येत गेलो. कशाला येतो, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. तुमचा मुलगा पुण्यात नोकरीला, दिवाळीला यायचा. गादीवर तुम्ही एकटेच असायचात. मी फुंकणी धरायला शिकलो, तार ओढायला शिकलो, कसोटीवर सोनं घासून रेघेचा रंग वाचायला शिकलो. स्वयंपाकघर दुकानाच्या मागंच होतं. मधल्या दारातून काकू आमच्या बोलण्यावर लक्ष ठेवून असत. एकदा मी तुम्हाला हिशेब मांडून दाखवला, की चोवीसात बावीस म्हणजे हजारात नऊशे सोळा आणि वर सहासष्ट शतांश. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, की ते वरचं सहासष्ट ऐरणीवर कुठं दिसतं तेवढं दाखव. काकू आत हसल्या. मीही हसलो, पण त्या रात्री खोलीवर जाऊन हिशेब पुन्हा ताडून बघितला होता. तो बरोबरच होता, आबा.

त्याच सुमारास बारामतीत काचेची, पंखा-दिव्यांची नवी दुकानं झाली आणि आकड्यांचे शिक्के आले. तुमच्याकडं बाया नवीन डाग घेऊन यायच्या आणि विचारायच्या, हे काय लिहिलंय. तुम्ही भिंग माझ्याकडं सरकवायचात, कारण इंग्रजी अक्षरं मला लागायची. पण अक्षरं वाचून झाल्यावर त्यांचा अर्थ तुम्हीच सांगायचात. बावीस भागिले वीस, म्हणजे अंग बावीस कॅरेटचं आणि सांधे जोडायला वापरलेली डाख हलकी, सगळा डाग आटवला तर वीसाच्या घरात येणार. नऊशे सोळा म्हणजे सगळं अंग बावीस, पण कोण म्हणतंय ते? दुकानदारच म्हणतोय. के.डी.एम. म्हणजे जोडाला जी डाख वापरली तिच्यात कॅडमियम, ते आगीत उडून जातं, म्हणून आटवल्यावर घट जवळजवळ नाही. लोक मात्र के.डी.एम. ही सोन्याची जात समजायचे. "अंग कोण बी चांगलं करतंय," तुम्ही म्हणायचात. "जोडाला घास." आणि कसोटीवर पाटलीचा पोटाचा भाग न घासता सांधा घासायला लावायचात. आजही माझा हात आधी सांध्याकडंच जातो.

तुमच्या डागांवर आकडा नव्हता. नुसतं तुटकं पान. तरी एक रिवाज होता, आणि तो मी दुसऱ्या कुणाकडं बघितला नाही: तुटकं पान असलेला डाग कितीही वर्षांनी परत आला तरी तुम्ही घट न धरता घ्यायचात. जोडाची हलकी डाख तुम्हीच घातलेली, ती तूट गिऱ्हाइकानं का सोसायची, असं तुमचं म्हणणं. एकदा एक म्हातारा सासूचं डोरलं घेऊन आला होता. तुमच्या वडिलांच्या हातचं. तुम्ही ते उलटं केलंत, पान बघितलंत आणि तराजूला हात लावायच्या आधीच त्याला म्हणालात, की बस निवांत, आपलंच हाय. तो म्हातारा खरंच पाय पसरून बसला.

पण अशी माणसं कमी होत गेली. पोरीबाळी यायच्या, पाटली उलटी करायच्या आणि विचारायच्या, के.डी.एम. हाय का. नाही म्हटलं की उठायच्या. मी तुम्हाला म्हणालो, मी आकड्याचा ठसा करून देतो, पानाच्या शेजारी मारा. तुम्ही नको म्हणालात, कारण तुमच्या डाखेचा डाग आटवल्यावर तेवढा भरत नाही. मग नवी, के.डी.एम.ची डाख वापरा, म्हणालो. तुम्ही ती आणून थोडे दिवस वापरलीतही. शेगडीवर पिवळसर धूर व्हायचा, तुम्हाला खोकल्याची उबळ यायची. एके दिवशी काकूंनी ती पुडी उचलून मागच्या उकिरड्यात टाकली आणि आम्हाला दोघांना मिळून बोलल्या, की गिऱ्हाईक टिकवायला निघालेत, आधी छाती टिकवा. ती डाख पुन्हा आली नाही आणि गिऱ्हाईकही फारसं आलं नाही.

मी तुम्हाला विचारलं तो दिवस मला अजून समोर दिसतो. दुपारची वेळ आहे, गल्लीत कुणी नाही, तुम्ही शेगडीतले निखारे चिमट्यानं एका बाजूला करताय. दुकान आता बंद करायचं, असं तुम्ही आदल्या खेपेला म्हणाला होतात. मी सगळी वाट शब्द जुळवत आलोय. आणि शेवटी एवढंच म्हणतो, की आबा, तुमच्या माघारी ठसा माझ्याकडं असू द्या. मी नोकरी सोडून हितं बसतो.

तुम्ही चिमटा ठेवलात. "आन डाग म्हागारी आला मंजी?"

"मी घेईन. घट न धरता."

"कुणाचा म्हणून घेशील? तू माझा कोण?"

तुम्ही ते रागानं विचारलं नव्हतं. खरोखर उत्तर पाहिजे असल्यासारखं विचारलंत आणि माझ्याकडं बघत राहिलात. आकड्याचं, मापाचं, पोलादाचं काहीही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मग तुम्ही हळू आवाजात सांगितलंत, की शिक्का म्हणजे घराण्याचा शब्द, तो ज्याच्या तोंडचा त्याच्याबरोबर जातो. तुझा हात चांगला आहे, तू तुझा शिक्का कर. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला मी, म्हणून तुम्ही नको म्हणालात की खरंच शब्दासाठी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्या नेहमी काहीतरी बोलायच्या. त्या दिवशी वळून आत भांडी आवरायला लागल्या.

सोनार गादी सोडतो तेव्हा ठसा घासून निकामी करायचा असतो, म्हणजे त्याच्या माघारी कुणी दुसऱ्यानं त्याच्या नावावर हलकं सोनं खपवू नये. ते काम तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत. दुसरं कोण करणार होतं म्हणा. मी ठसा शेगडीत लाल केला, राखेत पुरून हळूहळू गार होऊ दिला, म्हणजे पोलादाचं पाणी उतरून ते मऊ झालं. मग ऐरणीवर धरून कानस चालवली. आधी देठ गेलं, मग उजवं दळ, मग मधलं. तुटकं दळ सगळ्यात शेवटी, कारण ते मी सगळ्यात खोल कोरलं होतं. तुम्ही काजळी धरून तोंड कागदावर दाबलंत. काळा चौकोन उठला. तुम्ही तो भिंगाखाली चारी बाजूंनी तपासलात, माझं काम तुम्ही नेहमी तपासायचात तसाच, आणि तुकडा माझ्या हातात देऊन म्हणालात, पोलाद चांगलं आहे, कशाला तरी वापर. मी चहा न घेता निघालो. एस.टी.त शेजारच्या माणसानं विचारलं, डोळ्यात काय गेलं. मी म्हणालो, लोखंडाचा कीस.

त्यानंतर मी येणं कमी केलं. मग बंदच झालं. तुम्ही गेल्याचं मला दहावा होऊन गेल्यावर कळलं, तेही हत्यारांच्या दुकानात, दुसरंच काहीतरी बोलता बोलता. मी दुसऱ्या दिवशी इंदापूरला आलो. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. काकू आत निजल्या होत्या, त्यांना उठवू नका असं मीच सांगितलं. तुमचा मुलगा ओट्यावर आला, पाणी दिलं, आणि अदबीनं विचारलं, "तुमचा काही डाग राह्यलाय का आमच्याकडं?" मी नाही म्हणालो. थोडा वेळ बसलो आणि उठलो. त्याची चूक नव्हती. तुमच्या ओट्यावर येणारा माणूस एक तर गिऱ्हाईक, नाही तर पाहुणा. मी तिसरा कोण, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढं सरकारी हॉलमार्क आला, त्रिकोणाचं चिन्ह आलं, के.डी.एम. बंद झालं. मी एमआयडीसी सोडून बारामतीत छोटं दुकान टाकलं: सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढून द्यायचा आणि जुनं सोनं मोडीत घ्यायचं. सगळं वाचून, विचारून, चुकून शिकलो. आता क्ष-किरणांचं मशीन आहे, डाग ठेवला की पडद्यावर टक्के येतात. नव्या डागांवर लेझरनं सहा अक्षरांचा नंबर असतो. ठसा कुणी मारत नाही, कोरत तर नाहीच. माझा स्वतःचा शिक्का मी कधी केला नाही. करायला बसलो होतो, दोनदा. काय कोरायचं तेच ठरेना. बायको गेली, मुलगी लग्न होऊन नगरकडं आहे. दुपारचा डबा मी काउंटरमागं बसून खातो आणि लोकांचे शिक्के वाचतो. लोक म्हणतात, बारामतीत असला नजरेचा माणूस नाही. खरं आहे ते. पण एखाद्या शिक्क्याचं काही विशेष दिसलं तर सांगायला शेजारी कुणी नसतं.

तुमचं पान आधी महिन्याकाठी एखादं तरी यायचं. मग वर्षाला. आलं की मी भिंगाखाली धरतो, तुटकी कड बघतो, तुमच्या वडिलांच्या ठशाची की माझ्या ठशाची ते ओळखतो आणि बाजूला ठेवतो. इतर कुणाला तो फरक कळणार नाही. काकूंना कळला नव्हता. मग मी डाग मोजतो आणि मुशीत टाकतो. दुसरं काय करणार? लोक आटवायलाच आणतात. म्हणजे तुमचे शिक्के जेवढे कमी झाले, त्यातले बरेचसे माझ्याच हातनं झाले.

परवा इंदापूरकडची एक बाई सुनेला घेऊन आली. पदरातून पाटल्यांची जोडी काढली, सासूबाईंच्या. सुनेला नव्या बांगड्या करायच्या होत्या, नंबरवाल्या. मी पाटली उलटी केली. पान माझ्या ठशाचं होतं. मशीननं पोटाला एक्क्याण्णवाच्या वर दाखवलं, सांध्याला पंच्याऐंशीच्या आसपास. सुनेनं पडद्याकडं बघून नाक मुरडलं. म्हणाली, बघा आत्या, मी म्हणलं न्हवतं, हॉलमार्क न्हाय मंजी ह्यात काय तरी असणारच. बाई खाली बघत राहिली. त्या पाटल्या तिनं चांगल्या म्हणून जपल्या असणार.

मी सुनेला सांगितलं, की यात लबाडी नाही, हा जोड आहे, त्या काळी सगळे असाच करत. आणि अख्ख्या वजनाचा बावीसाचा भाव लावून पावती केली. घट धरली नाही. बाई व्यवहारातली होती, तिच्या ते लगेच ध्यानात आलं. तिला संशय आला असावा, की एवढं देतोय म्हणजे वजनात मारलं असेल. तिनं मला पुन्हा काटा लावायला लावला. वजन तेच आलं.

"बाकीचे समदे घट कापत्यात," ती म्हणाली. "तुमी का न्हाय कापली?"

मला पुष्कळ उत्तरं देता आली असती. रिवाज सांगता आला असता, तुमचं नाव सांगता आलं असतं, दुकान कुठल्या गल्लीत होतं ते सांगता आलं असतं. तिला कदाचित आठवलंही असतं. मी पाटलीचं पान तिच्याकडं केलं आणि म्हणालो, "आमच्या वडलांचा शिक्का हाय ह्यो."

तिनं पान नीट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि चेहरा एकदम सैल झाला. म्हणाली, तरीच. तुमच्या वडलांकडं आमची सासू पायी जायची. सुनेला म्हणाली, बघ, घरचंच माणूस निघालं. मी त्यांना चहा मागवला. त्या तासभर बसल्या. मला तुमच्याबद्दल कितीतरी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, मुलानं सांगावं तसं.

माझे वडील मला दुसऱ्या कुणाचा मुलगा होऊ देणारे नव्हते. ते माळावरच वारले, सोनं त्यांनी कधी अंगावर घातलं नाही, आणि असं बोललेलं त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. तुम्हीही केलं नसतंत, हे मला ठाऊक आहे. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, हे पत्र तिथं कुणाला द्यायचं? लिहून झालं की घडी करून ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं तर लिहिल्याचा उपयोग नाही. आजवर मी मापात किंवा कसात एक शब्द खोटा बोललेलो नाही, परवा बोललो. आणि बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही, आबा.